विणकराच्या पोरानं युरोपात काय बघावं?

प्रश्न : ताई, मी येत्या सप्टेंबरात जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखला टेक्स्टाइलमध्ये मास्टर्स करायला चाललोय. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बरोबरच्या मित्रांनी आतापासूनच नाताळच्या सुट्टीची यादी केलीय : पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हेनिस, रोम, बार्सिलोना. सगळं दोन आठवड्यांत. आई म्हणते, बाकी काही बघ नाहीतर नको बघू, स्वित्झर्लंड तेवढं बघून ये. पप्पा म्हणतात, कर्ज काढून शिकायला चाललास, फिरायला नाही. दोन वर्षांत काय बघावं आणि काय सोडावं?
(वय २३, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : पप्पांना पहिल्यांदा हे सांग, की तू चाललास तो मुलूखच कापडाचा आहे. म्योन्शनग्लाडबाखला एके काळी ऱ्हाइनलँडचं मँचेस्टर म्हणायचे. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारं शहर भोंगा थांबल्यावर कसं होतं, हे सोलापूरच्या पोराला कुणी समजावून सांगायला नको. तिथं त्या जागांचं पुढं काय केलं, हे मात्र बघण्यासारखं आहे आणि ते तुझ्या अभ्यासात धरलं पाहिजे.

मी टॉवेलच्या डिझाइनच्या कामात आयुष्य घालवलं. फ्रँकफर्टला जानेवारीत, ऐन आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, हाइमटेक्स्टिल नावाचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या निमित्तानं जायचे आणि काम उरकलं की दोन-चार दिवस मागे राहून हिंडायचे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं : आपल्याला जिथं काही विचारायचं आहे, त्या शहरात जावं. नावाजलेली ठिकाणं वाटेत येतातच. तुझ्याकडे विचारायला पुष्कळ आहे, म्हणून मित्रांची यादी सध्या बाजूला ठेव.

सुरुवात जवळून कर. बहुतेक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच रेल्वेचं सेमिस्टर तिकीट येतं. ते प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईसारख्या वेगवान गाड्यांना चालत नाही. तुझं तिकीट कुठपर्यंत चालतं ते पहिल्याच आठवड्यात विचारून घे. मग रविवारी सकाळी डबा बांधून निघायचं. तसंही जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

पहिला रविवार राटिंगनला दे. ड्युसेलडॉर्फच्या शेजारचं लहानसं गाव आहे. तिथं क्रोमफोर्ड नावाची सूतगिरणी आहे. ब्रुगेलमान नावाच्या व्यापाऱ्यानं १७८३ साली ती उभारली. इंग्लंडबाहेर, युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली यांत्रिक सूतगिरणी. इंग्लंडमध्ये आर्कराइटनं पाण्यावर चालणारी गिरणी क्रोमफर्डला काढली होती. तिथलं तंत्र चोरून आणलं आणि गिरणीला नावही तेच ठेवलं. आता तिथं संग्रहालय आहे. त्या काळची यंत्रं पुन्हा बनवून ठेवलीत आणि ती चालवून दाखवतात. शेजारीच मालकाचा वाडा आहे, तोही बघ. गिरणीत मुलं राबायची आणि वाड्यात कसं राहणं होतं, हे पन्नास पावलांवर दिसतं. मी त्या दोन इमारतींच्या मधे बराच वेळ नुसती उभी होते.

क्रेफेल्ड हे रेशमाचं आणि मखमलीचं गाव, तुझ्यापासून अगदी जवळ. लिन या जुन्या भागात कापडाचं संग्रहालय आहे. वुपरटालला उलटी टांगलेली रेल्वे आहे, १९०१ पासून नदीवरून धावते. तीत बसायला कुणालाही आवडेल. मार्क्सचा साथीदार फ्रिडरिख एंगेल्स याच खोऱ्यातला, कापड गिरणीवाल्याच्या घरातला. आखेनमध्ये शार्लमेन राजाचं चर्च आहे. कोलोनचं कॅथेड्रल तर स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच उभं राहतं. १२४८ साली पाया घातला आणि पुरं झालं १८८० साली. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, तुझ्या वयात चढून जा.

आता नाताळ. मित्रांची यादी मला इथंच पटत नाही. डिसेंबरात तिकडं साडेचारला अंधार पडतो. नाताळचे बाजार सुंदर असतात, पण बरेचसे २३-२४ तारखेलाच उठतात आणि २४ ते २६ पुष्कळ काही बंद असतं. त्यात गाड्या, बस, हॉस्टेल सगळं महाग. सहा शहरं दोन आठवड्यांत म्हणजे दिवसाचा उजेड गाडीत जायचा. कोलोनचा बाजार नाताळाआधी एखाद्या संध्याकाळी बघ, आणि सुट्टीत फक्त बेल्जियममधल्या गेंटला जा, तेही २७ तारखेनंतर. ब्रसेल्सपासून अर्ध्या तासावर आहे.

गेंट तुला आवडेलच असं मी छातीठोकपणे सांगते. जुन्या सूतगिरणीत उद्योगाचं संग्रहालय केलंय. तिथं लीव्हेन बाउवेन्सनं आणलेलं सूतकताईचं यंत्र ठेवलंय. हे म्यूल यंत्र इंग्लंडाबाहेर नेण्यावर बंदी होती. त्यानं ते सुटे भाग करून चोरून आणलं आणि १८०० च्या सुमारास गेंट कापसाचं शहर बनलं. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरून शहराचे सगळे मनोरे दिसतात. मग खाली सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंचं मोठं वेदीचित्र बघ, १४३२ सालचं. १९३४ मध्ये त्याचा एक भाग चोरीला गेला तो आजतागायत सापडलेला नाही. मला त्यातली कापडं बघायची होती. जर, किनखाप, पदराच्या चुण्या अशा रंगवल्यात की वीण मोजावी. कापड विकून श्रीमंत झालेल्या गावानंच असं चित्र करून घ्यावं, हे तिथं उभं राहिल्यावर लगेच कळतं.

मोठी सहल मार्चमध्ये काढ. हिवाळी सत्राच्या परीक्षा संपलेल्या असतात, पुढच्या सत्राचे वर्ग सुरू व्हायचे असतात (तारीख विद्यापीठात विचारून घे), दिवस मोठा झालेला असतो आणि गर्दी नसते. आउग्सबुर्ग, सांक्ट गालन, लिऑन, पॅरिस. चारच गावं, प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री. गाड्यांची तिकिटं आधी काढलीस तर निम्म्याहून स्वस्त पडू शकतात.

आउग्सबुर्ग कशाला, असं मित्र विचारतील. १३६७ साली हान्स फुगर नावाचा एक विणकर खेड्यातून या शहरात आला. त्याचा नातू याकोब फुगर पुढं इतका धनवान झाला की बादशहांना कर्ज द्यायचा. त्यानं १५२१ मध्ये गरीब कष्टकऱ्यांसाठी वसाहत बांधली, फुगेराय. आजही तिथं माणसं राहतात. वर्षाचं भाडं एक जुना गुल्डन, म्हणजे ८८ सेंट. अट अशी की माणूस आउग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू हवा, आणि दिवसातून तीनदा देणगीदाराच्या घराण्यासाठी प्रार्थना करायची. बघायला येणाऱ्यांना तिकीट आहे आणि ते तिथल्या वर्षाच्या भाड्याहून जास्त आहे. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग कोसळला होता, तो नंतर पुन्हा बांधला.

तू सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला आहेस. कुंभारीची गोदुताई परुळेकर वसाहत तुला ठाऊक असणार; आपल्या विडी कामगार बायांची १०,००० घरं, मोर्चे काढून मिळवलेली. तिच्या पलीकडचं असंघटित कामगारांच्या घरांचं रे नगरही तिथंच. एका ठिकाणी सावकारानं पुण्य म्हणून दिलं, दुसऱ्या ठिकाणी बायकांनी हक्कानं घेतलं. फुगेरायच्या गल्लीत चालताना हा फरक माझ्या मनातून जाईना. त्यामुळं तिथं जायच्या आधी कुंभारीला एक चक्कर मारून, दोन घरांत बसून, मगच विमानात बस. आउग्सबुर्गला कापडाचं संग्रहालयही आहे, जुन्या गिरणीतच.

आईचं स्वित्झर्लंड आपण सोडायचं नाही. फक्त युंगफ्राउच्या महागड्या रेल्वेऐवजी सांक्ट गालनला जा. स्विस एम्ब्रॉयडरी जगभर गेली ती इथून. तुमच्या धंद्यात भरतकामाच्या ज्या यंत्राला शिफ्ली मशीन म्हणतात त्याचा शोधही इथल्याच भागातला. कापडाचं संग्रहालय आहे, मठाचं जुनं ग्रंथालय आहे, आणि जवळच झेंटिस हा २,५०२ मीटरचा डोंगर, केबल कारनं वर जाता येतं. बर्फात उभा राहून आईला व्हिडिओ कॉल कर. स्वच्छ दिवस बघूनच वर जा, ढग असतील तर पैसे वाया जातात.

लिऑनला तीन रात्री दे. जकार्ड माग जिथं जन्माला आला ते हे गाव, साल १८०४. आपल्या चादरीवरचा मोर ज्या पुठ्ठ्याच्या छिद्रं पाडलेल्या कार्डांतून उतरतो, ती कल्पना तिथल्या जोसेफ मारी जकार्डनं वापरात आणली. क्रोआ-रूस नावाच्या टेकडीवर रेशीम विणकरांची घरं आहेत. छतं चार-चार मीटर उंच, कारण जकार्डसह माग उभा राहायला तेवढी जागा लागायची. माग आणि चूल एकाच खोलीत. साखर पेठेत वाढलेल्याला ते घर ओळखीचं वाटेल. इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या झाकलेल्या वाटा आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात; त्यांतून फिर, पण लोक वर राहतात, आवाज करू नकोस. १८३१ साली याच टेकडीवरचे विणकर खाली उतरले. मजुरीचा दर ठरला होता आणि व्यापारी तो पाळेनात. काम करत जगू नाहीतर लढत मरू, असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं. मजुरीवाढीसाठी यंत्रमाग बंद राहिलेले दिवस आपल्याकडे घरोघर माहीत आहेत. तू मालकाचा मुलगा आहेस, म्हणून हे तू मुद्दाम बघावंस असं मला वाटतं.

पॅरिस शेवटी. तू २६ च्या आत आहेस आणि जर्मनीचं रहिवासी कार्ड असेल, तर लूव्र, ओर्से आणि क्लूनी संग्रहालयं फुकट बघता येतात. कार्ड जवळ ठेव, लूव्रची वेळ आधी ऑनलाइन घे. ते मंगळवारी बंद असतं. मोनालिसासमोरच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा क्लूनीत जा. पाचशे वर्षांपूर्वी विणलेले सहा गालिचे आहेत, एक बाई आणि एकशिंगी घोडा. तांबड्या पार्श्वभूमीवरची ती फुलं वीण न उसवता कशी घेतली असतील, हे शोधत मी बाकावर बसून राहिले होते.

प्राग, व्हेनिस, बार्सिलोना या दोन वर्षांत सोडून दे. रोमला जायचंच झालं तर दुसऱ्या वर्षी फ्लोरेन्सजवळच्या प्रातोला जोडून जा. जुन्या लोकरी कपड्यांपासून नवं सूत काढणारं ते गाव आहे आणि टॉवेलच्या धंद्याला उद्या हेच करावं लागणार आहे. पोलंडमधलं वूच हेही गिरण्यांचं शहर, पैसे उरले तर. जर्मन रहिवासी कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. मँचेस्टर म्हणून नंतर.

प्रश्न : आमची मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला शिकते. मे महिन्यात आम्ही दोघं बारा दिवसांसाठी जाणार आहोत. एजंट सात देशांची सहल सुचवतोय. यांचे गुडघे दुखतात, आम्ही शाकाहारी आहोत. काय करावं?
(जुळे सोलापूर)

उत्तर : वहिनी, सात देश अजिबात करू नका. रोज बॅग भरायची आणि रोज बसमध्ये चढायचं, त्यात गुडघेही जातील आणि मुलगीही नीट भेटणार नाही. बाराही दिवस आइंडहोव्हनलाच राहा. देश सपाट आहे, गाड्या सोयीच्या आहेत, सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं.

ट्यूलिपची बाग, कॉइकेनहॉफ, साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते, त्यामुळं तिकिटं काढण्याआधी तारखा बघा. उशीर होणार असेल तर किंडरडाइकला जा; पाण्याकाठी १९ जुन्या पवनचक्क्या आणि सपाट रस्ता. ॲमस्टरडॅमला एक दिवस राइक्सम्युझियमला द्या, तिथं लिफ्ट आणि बाकं आहेत. ॲन फ्रँकच्या घरात जिने फार उभे आहेत, त्यामुळं भाऊजींनी बाहेर थांबावं. तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची निघतात आणि लगेच संपतात, मुलीला सांगून ठेवा.

आणि आइंडहोव्हनच्या शेजारी न्यूनन गाव आहे, तिथं व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ राहिला. बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं चित्र तिथलंच. त्याआधी त्यानं तिथल्या विणकरांची चित्रं काढली, मागात अडकल्यासारखी बसलेली माणसं. आपल्या गावच्या माणसांनी ती बघायला हवीत.

खाण्याचं म्हणाल तर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. पेढे, खवा, तूप, दुधाचं काहीही नेऊ नका. बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताक-दही तिथं चांगलं मिळतं.