भिंती काँक्रीटच्या केल्या म्हणजे झालं का?

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात वणव्यात आमचं घर गेलं. काही तासांत सगळं भुईसपाट. आता त्याच प्लॉटवर परत बांधायला काढलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळ्या भिंती काँक्रीटच्या करा, विषय संपला. निम्मं बजेट त्यातच चाललंय. पण ताई, मला एक कोडं सुटत नाहीये, घराची राख झाली आणि मागची दोन झाडं मात्र हिरवीगार उभी आहेत, हे कसं काय?

उत्तर : आधी तुमचं कोडं बघू, कारण कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं उत्तर त्यातच आहे. वणवा म्हटला की आपल्या डोळ्यापुढे येते ती ज्वाळांची लाट, ती येते आणि घर गिळते. प्रत्यक्षात बहुतेक घरं पेटतात ती ठिणग्यांनी. जळत्या फांद्यांचे, सालींचे तुकडे, निखारेच म्हणा ना, वाऱ्यावर किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब उडत येतात, म्हणजे आग अजून डोंगरापलीकडे असते आणि तुमच्या अंगणात निखाऱ्यांचा पाऊस सुरू झालेला असतो. हिरव्या झाडावर पडलेला निखारा विझून जातो, पानात ओल असते. तोच पन्हळीत साठलेल्या वाळक्या पाल्यावर पडला की झालं काम.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या वणव्यांसमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितल्या होत्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत, आणि त्या भिंती लाकडाच्या होत्या बरं का. झाडांच्या शेंड्यांतून धावणारी आग एका जागी जेमतेम मिनिटभर थांबते, तेवढ्यात लांबची भिंत पेट घेत नाही.

म्हणून सांगते, काँक्रीटची भिंत वाईट नाही, पण निम्मं बजेट तिथे घालू नका. छपराखालच्या पोकळीत हवा खेळावी म्हणून वळचणीला व्हेंट ठेवतात ना, तिथून निखारा आत ओढला जातो, आत वासे, इन्सुलेशन, वर टाकून दिलेली जुनी खोकी, मग घर आतून पेटतं आणि तुमची काँक्रीटची भिंत बाहेरून भट्टीच्या भिंतीसारखी छान उभी राहते. व्हेंटला धातूची जाळी हवीच, भोकं ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, प्लॅस्टिकची जाळी वितळते, ती नकोच. उष्णता लागली की आतला थर फुगून आपोआप बंद होणारे व्हेंटही मिळतात, बांधतानाच बसवले तर उत्तम.

छप्पर क्लास ए रेटिंगचं घ्या, म्हणजे आगीला टिकण्याच्या चाचणीत सगळ्यात वरच्या श्रेणीत बसलेलं, मग मेटल, कौलं, चांगली शिंगल्स (छपरावर ओळीने ठोकायच्या चपट्या पट्ट्या), काहीही चालेल. पण कौलं घालणार असाल तर वळचणीला सगळ्यात खालच्या ओळीत कौलाची तोंडं उघडी राहतात ती बुजवून घ्या. शिडीवर चढून एकदा स्वतः बघा, त्या पोकळीत चिमण्यांनी वाळकं गवत कोंबून ठेवलेलं असतं. बाहेरून कौल भाजलेल्या मातीचं, आत चुलीला घालायचं सरपण!

आणि भिंतीपासूनचे पहिले ५ फूट. इथे काहीही जळण्यासारखं नको. खडी टाका, फरशी टाका, पण झुडपं नको, लाकडाचा भुसा किंवा साल पसरलेली नको, जळणाची मोळी नको, दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा वणव्याची सूचना आली की उचलून आत. लाकडी कुंपण थेट घराला भिडवलं असेल तर ती वातच समजा, एका टोकाला पेटते आणि हळूहळू भिंतीपर्यंत येते. घराला लागून असलेला तुकडा तरी लोखंडी करा. हे ५ फूट मोकळे ठेवायला खर्च जवळपास नाहीच, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत कारण उघडंबोडकं दिसतं म्हणे.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात विमा कंपन्यांच्या एका संस्थेने प्रयोगशाळेत १०५ मोठ्ठे पंखे लावून खऱ्या घरांवर निखारे उडवून बघितलेत. त्यांनी एकच घर अर्धं नेहमीच्या पद्धतीने आणि अर्धं आगीचा विचार करून बांधलं, वारा तोच, निखारे तेच, नेहमीची बाजू पेटली आणि दुसरी उभी राहिली.

प्रश्न : आमच्या भिंतीपासून शेजारचं घर जेमतेम १५ फुटांवर आहे. मी तुम्ही सांगाल ते सगळं केलं आणि त्यांनी काहीच केलं नाही तर?

उत्तर : तर पंचाईत आहे, खोटं कशाला सांगू. कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना २००८ पासून कडक नियम आहेत. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅराडाइज गावात वणवा शिरला, त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं की १९९७ च्या आधीची घरं फक्त साडेअकरा टक्के वाचली आणि २००८ नंतरची साधारण ४३ टक्के. फरक मोठा आहे, पण उलटं वाचा, नियमात बसणारी निम्म्याहून जास्त घरंही गेलीच. जवळचं घर जळलं की आपलं वाचणं अवघड, हे त्याच अभ्यासात ठळक दिसलं. वणवा मिनिटभरात पुढे जातो हो, पण पेटलेलं घर तासन्‌तास धग टाकत बसतं.

तेव्हा ज्या बाजूला शेजारचं घर आहे ती एक भिंत खुशाल काँक्रीटची करा, पैसे तिथे सार्थकी लागतील. त्या बाजूला खिडक्या कमीत कमी आणि लहान. काच दुहेरी आणि टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. साधी काच मधे तापते आणि फ्रेमखाली दबलेली कड गारच राहते, त्या ओढाताणीत तडकते, खाली पडली की निखाऱ्यांना दार उघडं. दोन घरांच्या मधे लाकडी शेड, गॅसची टाकी, जुनी गाडी असलं काही असेल तर आधी ते हलवा. आणि शेजाऱ्यांशी बोला, अबोला असेल तर तो सोडा, त्यांची पन्हळ साफ आहे की नाही हा आता तुमच्या घरचा प्रश्न आहे.

प्रश्न : जुना पाया तसाच वापरला तर चालेल? वरून तर ठणठणीत दिसतोय.

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. राख झाडून काँक्रीटचा रंग बघा, पण मास्क आणि हातमोजे घालूनच, जुन्या घराच्या राखेत शिसं असू शकतं, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कुठे गुलाबीसर छटा दिसली तर तिथे काँक्रीट ३०० अंशांच्या वर तापून गेलेलं असण्याची दाट शक्यता. सगळ्याच काँक्रीटला रंग येत नाही, त्यामुळे गुलाबी नाही म्हणून सुटलो असंही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, काढून टेस्ट करून घ्या. कॉन्ट्रॅक्टर हातोडी मारून “आवाज चांगला येतोय” म्हणेल, त्याला चहा पाजा आणि टेस्ट मात्र कराच.

प्रश्न : छपरावर स्प्रिंकलर बसवू का? आणि प्लॉटवरचं जुनं पाण्याचं कनेक्शन बांधकामाला वापरायला हरकत नाही ना?

उत्तर : स्प्रिंकलर शेवटी, पैसे उरले तर. वणव्यात वीज जाते आणि गावभर सगळे एकदमच नळ सोडतात त्यामुळे प्रेशर पडतं. स्वतःची टाकी आणि विजेशिवाय चालणारा पंप असेल तरच त्याला अर्थ.

कनेक्शनचं मात्र बरं विचारलंत, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. प्लॅस्टिकचे पाइप तापले, प्रेशर गेल्यावर जळलेल्या घरांतला धूर आत ओढला गेला, की पाण्यात बेंझिन हे विषारी रसायन उतरतं. २०१७ च्या वणव्यानंतर कॅलिफोर्नियातल्याच सांता रोझा शहरामध्ये आणि पुढच्याच वर्षी पॅराडाइजमध्ये हे झालेलं आहे. बांधकामावरची माणसं तेच पाणी पितात, तेव्हा टेस्ट होईपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरून आणा. आणि उकळून पिऊ म्हणाल तर तेही नको, उकळलं की बेंझिन हवेत येतं आणि आपण ते नाकाने आत घेतो.