स्कॅन नॉर्मल, पण माणूस पहिल्यासारखा नाही

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमचे हे तोफखान्यात होते, आता निवृत्त आहेत. त्यांना कधी जखम झाली नाही, डोक्याला मार लागला नाही. पण आधी स्वतः तोफेवर आणि नंतर नव्या मुलांना शिकवण्यात, अशी उभी नोकरी गेली. आता डोकं सारखं ठणकतं, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, बोलताना साधा शब्द आठवत नाही. चारचौघांत बसले की गोंगाट सहन होत नाही, मग चिडचिड. सीटी स्कॅन नॉर्मल आला. एक डॉक्टर म्हणाले, "हे सगळं मनाचं आहे." ह्यांनी ते इतकं लावून घेतलंय की आता दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. नुसत्या आवाजाने मेंदूला इजा होते का हो?

उत्तर : ताई, मेंदूला इजा होऊ शकते, आणि अशी इजा सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही. एवढं वाक्य यजमानांना आधी वाचून दाखवा.

इजा करतो तो आवाज नव्हे, त्याच्यासोबत येणारा दाब. स्फोट झाला किंवा तोफ डागली की तिथली हवा क्षणात दाबली जाते आणि ती दाबलहर आवाजापेक्षा जास्त वेगाने बाहेर सुटते. सगळा प्रकार काही मिलिसेकंदांचा. दाब एकदम चढतो, मग उतरतो, आणि उतरताना हवेच्या नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. मोकळ्या मैदानात लहर लवकर विरते. खोलीत, खंदकात किंवा चिलखती गाडीत ती भिंतींवर आपटून पुन्हा माणसावर येते, म्हणून बंद जागेतला लहान स्फोटही वाईट.

डोक्यात पुढे नेमकं काय होतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. दाब कवटीतून थेट आत शिरतो, कवटी किंचित लवते, छाती दाबली गेल्याने रक्ताचा लोंढा मानेतून वर चढतो, मेंदूभोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, अशा अनेक शक्यता मांडल्या गेल्या आहेत. मला २०१२ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. एकाच स्फोटानंतर उंदरांची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता घटली. मात्र स्फोटाच्या वेळी ज्यांचं डोकं पक्कं धरून ठेवलं होतं, त्यांची घटली नाही. म्हणजे स्फोटाच्या वाऱ्याने डोकं गदागदा हलणं हेही मोठं कारण असणार.

मग स्कॅनमध्ये का दिसत नाही? सीटीवर रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, मोठी सूज दिसते. पेशींच्या पातळीवरची इजा दिसत नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातले डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्फोटांना सामोरं गेलेल्या आठ मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातल्या पाच जणांचा स्फोट होऊन बराच काळ लोटला होता. त्या पाचही मेंदूंत एका ठराविक पद्धतीचे व्रण सापडले : मेंदूच्या पृष्ठभागालगत, रक्तवाहिन्यांभोवती, आणि करडा व पांढरा भाग जिथे एकमेकांना भेटतो त्या सीमेवर. वेगळ्या घनतेच्या दोन गोष्टी जिथे जुळतात, तिथेच धक्क्याचा ताण पडतो. उरलेले तिघे स्फोटानंतर थोड्याच काळात गेले होते. त्यांच्यातही त्याच जागी व्रणांची सुरुवात दिसली. आठच मेंदू होते, त्यामुळे यावरून प्रत्येक सैनिकाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण जागा अशी ठरलेली असणं मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

आता "मनाचं आहे" याबद्दल. त्या पाचही जणांना हयातीत पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक त्रासाचं निदान झालेलं होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. इराकहून परतलेल्या २,५२५ अमेरिकी सैनिकांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला इजा होऊन ज्यांची शुद्ध हरपली होती, त्यांच्यातल्या सुमारे ४४ टक्क्यांना पीटीएसडी होता. इतर प्रकारच्या जखमा झालेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. पीटीएसडी आणि नैराश्याचा हिशेब धरल्यावर इतर बऱ्याच तक्रारींचा मेंदूच्या इजेशी थेट संबंध उरला नाही, डोकेदुखीचा मात्र उरला. म्हणून मी 'मन की मेंदू' असा वाद पेशंटसमोर घालत नाही. दोन्ही एकाच डोक्यात असतात आणि दोन्हींवर उपचार लागतात. "मनाचं आहे" एवढं म्हणून माणसाला दारातून परत पाठवणं मात्र मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या अशा माणसांना मी आधी बोलू देते, फाइल नंतर उघडते. मग पाच शब्द सांगते आणि थोड्या वेळाने परत विचारते. तोफेचा प्रत्येक भाग नावानिशी सांगणारा माणूस तिसऱ्या शब्दावर अडतो आणि बायकोकडे बघतो. नंतर फोमच्या गादीवर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करते. जमिनीवर खांबासारखा ताठ उभा असलेला गडी तिथे झुलायला लागतो आणि मी हात धरते. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही दाबाने बिघडू शकते. त्यासाठी वेगळे व्यायाम असतात आणि त्यांचा बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो.

यजमानांना न्यायचं ते मेंदूविकारतज्ज्ञाकडे, आणि जाताना एक कागद लिहून न्या : कोणत्या तोफा, किती वर्षं, दिवसाला अंदाजे किती गोळे, त्या दिवशी संध्याकाळी डोकं जड व्हायचं का. हे कुणी आपणहून विचारत नाही. झोपेपासून सुरुवात करा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं तपासून घ्या, कारण झोप सुधारली की चिडचिड आणि विसराळूपणा दोन्ही कमी होताना मी पाहिलेत. डोकेदुखीच्या गोळ्या रोज घेत असतील तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखत राहू शकतं, म्हणून हे डॉक्टरांना सांगा. कानांची तपासणी करा. थकवा फार असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोन्सची रक्ततपासणी करता येईल का, ते विचारा. दारू पूर्ण बंद. आणि जगण्यात राम नाही अशी भाषा त्यांच्या तोंडी आली, तर त्यांना एकटं सोडू नका, घरात शस्त्र असेल तर ते घराबाहेर हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एका भीतीचं उत्तर न विचारता देते, कारण इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण घाबरतात. बॉक्सर आणि अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्यांमध्ये सापडलेला सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार स्फोटांमुळे सर्रास होतो, असं दिसलेलं नाही. २०२२ च्या एका अभ्यासात २२५ सैनिकांचे मेंदू तपासले, त्यातल्या १० जणांत तो सापडला आणि ते दहाही जण अंगाला अंग भिडणारे खेळ खेळलेले होते.

प्रश्न : मॅडम, मुलगा सैन्यात भरती झालाय. हेल्मेट आणि कानातले प्लग असले की पुरे ना?

उत्तर : प्लग कधीच विसरायचे नाहीत, पण ते कान वाचवतात, मेंदू नाही. हेल्मेट छर्रे आणि आदळणं यांपासून वाचवतं. चेहरा उघडाच असतो आणि दाबलहर तिथूनही पोहोचते. खरं संरक्षण अंतराचं आणि मोजणीचं. खांद्यावरून डागायच्या कार्ल गुस्ताफसारख्या शस्त्राचे दिवसाला किती गोळे झाडायचे, यावर सरावात मर्यादा असतात. अमेरिकी लष्कर ४ पीएसआय दाबाला धोक्याची रेषा मानतं. म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाव भागाहून थोडा जास्त. पण ही रेषा मुळात कानाचा पडदा सांभाळण्यासाठी आखलेली होती, तेव्हा तिच्याखाली मेंदू सुरक्षित असं समजू नये. २०२४ मध्ये त्यांनी भरतीच्या वेळीच स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची चाचणी घेऊन ठेवायचं ठरवलं, म्हणजे पुढे तुलना करता येते. मुलाच्या बाबतीत अशी नोंद होते का, ते त्याला विचारायला सांगा.

जवळ स्फोट झाला आणि अंगावर ओरखडाही नाही, तरी त्याने कळवलंच पाहिजे. ८ जानेवारी २०२० ला अमेरिकी सैनिक असलेल्या इराकमधल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा आधी कुणालाच इजा नाही असं जाहीर झालं होतं. पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून जास्त जणांना मेंदूची इजा झाल्याचं निदान झालं. अमेरिकी लष्करात २०१० पासून स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्याला तपासणी आणि किमान २४ तास विश्रांती असा नियम आहे. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, हातापायातलं बळ गेलं किंवा उठवूनही नीट जाग येईना, तर मात्र एक तासही थांबायचं नाही.