कंबरमोडी: कंबर नेमकी कुणाची?

प्रश्न असा आहे. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका नव्या बंगल्यात पेव्हर ब्लॉकच्या फटींतून एक अनोळखी रोप उगवलंय. पांढरट पाकळ्या, मध्ये पिवळं. निफाडच्या सासूबाई त्याला कंबरमोडी म्हणतात, भांड्याला येणाऱ्या मावशी दगडीपाला. मोबाइलच्या अ‍ॅपनं फोटो बघून 'ट्रायडॅक्स प्रोकम्बन्स' सांगितलं आणि खाली मराठी नाव दिलं एकदंडी. शेजारच्या काकूंचं म्हणणं, 'अगं, हा तर माका, तेल कर.' मग ही झाडं किती, आणि कंबरमोडीत कंबर कुणाची मोडते?

माका सोडला तर बाकी सगळी एकाच रोपाची नावं. माक्याकडे शेवटी येतो.

अ‍ॅपची चूक आधी सुधारू. एकदंडी नव्हे, एकदांडी. एकदंडी म्हणजे एकच दंड घेऊन फिरणारा संन्यासी. कुंभमेळा भरणाऱ्या गावात तरी ही गफलत नको. पंचचे पाच झाले, दंताचा दात झाला, तसा दंडाचा दांडा आणि त्याची दांडी. आता उकिडवं बसून फूल बघा. जमिनीलगतच्या पानांमधून एक लवदार, ताठ काडी चांगली वीतभर वर येते. तिला मध्ये कुठे पान नाही, फांदी नाही, आणि टोकाला एकच फूल. पाकळ्या पाचेक, प्रत्येकीच्या कडेला तीन दाते. फुलाला एरवी आपण देठ म्हणतो, पण इतक्या लांब आणि कडक देठाला दांडीच म्हणावं लागतं. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं निम्मी ओळख नावातच करून ठेवली.

कंबरमोडीत खरी मजा आहे, कारण 'मोडणे' हे लबाड क्रियापद आहे. तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्यांमध्ये आपोआप होणारं एक रूप आणि कुणीतरी करायचं दुसरं. 'मोडणे' दोन्हीकडे तेच: फांदी मोडली, आणि पोरानं फांदी मोडली. त्यामुळे सामासिक शब्दात पंचाईत होते. नाकतोड्यात 'तोडणे' आहे, म्हणजे तोडणारा तो किडा. कानफाट्यात 'फाटणे' आहे, म्हणजे ज्याचे कान फाटलेले आहेत तो. त्र्यंबकेश्वरला नाथपंथी जोगी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण कंबरमोडी ही कंबर मोडणारी, की कंबर मोडलेली?

निफाडकडे कांद्याच्या वाफ्यात निंदणी करणाऱ्या बायकांना मी एकदा हे विचारलं होतं. एकजण हसून म्हणाली, 'आमचीच की! उपटून उपटून कोणाची मोडल?' आणि व्याकरण तिच्या बाजूनं आहे, हे कबूल करायला हवं. हाडमोड्या ताप हाडं मोडतो. रानमोडी हे तण रान मोडून माजतं. त्याच चालीनं कंबरमोडी म्हणजे कंबर मोडणारी.

तरीही माझा कौल दुसरीकडे आहे. या रोपाचं खोड सरळ उभं राहत नाही. आधी जमिनीवर लोळतं, मग अर्ध्यातून वाकून शेंडा वर करतं, थेट कंबरेत वाकलेल्या म्हातारीसारखं. आणि प्रोकम्बन्स या लॅटिन शब्दाचा अर्थही पालथं पडलेलं, जमिनीवर पसरलेलं असाच आहे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 साली ते शास्त्रीय नाव छापलं. आपल्या शेतातल्या माणसांना लिनियस वाचायची गरज नव्हती. दोघांनी एकच वाकलेलं खोड पाहिलं. हे माझं अनुमान, पुरावा नव्हे. निंदणीवाल्या बाईंशी वाद घालायची माझी तयारी नाही.

दगडीपाल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दगडधोंड्यांत, भिंतीच्या फटींत उगवणारा पाला, एवढाच अर्थ मी घेतो. लहानपणी खरचटलं की याचाच पाला चुरगाळून वर दाबायचे. खरखरीत पान, आणि झोंबायचं असं की जखम परवडली.

एक गोष्ट लक्षात घ्या: हे रोप मूळचं अमेरिकेतलं. त्यामुळे त्याला परंपरेनं चालत आलेलं जुनं संस्कृत नाव असायचं कारण नाही. लोकांनी समोर जे दिसलं त्यावरून नावं ठेवली, कुणी दांडी पाहिली, कुणी खोड, कुणी जागा. म्हणून 'खरं नाव कोणतं' या प्रश्नात मला दम वाटत नाही. लिहिताना मी एकदांडी लिहितो, कारण त्यावरून रोप ओळखता येतं.

माक्याचं उलट आहे. तो इथला जुना रहिवासी, संस्कृतात मार्कव किंवा भृंगराज. मार्कवचाच माका झाला. त्याला ओल लागते, पाटाच्या कडेला, नळाखाली सापडतो. पान अरुंद, फूल बारीक पांढरं, मध्ये पिवळं नाही, आणि ते पानाच्या बेचक्यात आखूड देठावर बसतं. पान चुरगाळलं की थोड्या वेळात बोटं काळी पडतात. आमच्या घरी हा फरक न बघता एकदा एकदांडीचं तेल उकळलं गेलं होतं. अख्खी बाटली भरून, वर चिठ्ठी 'माका'.

तेव्हा काकूंना फटीपाशी न्या आणि विचारा, माक्याला एवढी दांडी कधी पाहिलीत का?