पहिल्यांदाच होडीतून गरवायला (गळाने मासे पकडायला) निघालायस ना, मग हे वाच

अरे रॉड कुठला घेऊ ते नंतर बघ, आधी भरतीची वेळ बघ. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी सकाळी सातला मासे लागले म्हणून याही रविवारी सातला जाशील तर फक्त ऊन खाऊन येशील. पुनवेला-अमावास्येला उधाण असतं, गोव्यातल्या झुवारी नदीत तेव्हा पाण्याला एवढी ओढ असते की दोरीला लावलेलं शिशाचं वजन तळाला टिकतच नाही, नवख्याने अष्टमीच्या आसपास जावं. समुद्रात घुसायची घाई नको, नदीतच तांबोशी, चोणक, शेवटे असे सगळे मासे आहेत.

आमिषाला जिवंत सुंगटं (कोळंबी) घे, गळ शेपटीकडून हलकेच ओवायचा म्हणजे ती पोहत राहतात, मेलेल्या सुंगटाकडे चोणक ढुंकूनही बघत नाही (शिंगाळा हा काटेरी मासा मात्र लगेच येतो). आणि शिंगाळा लागला तर हाताने धरू नकोस बाबा, पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, मला एकदा अंगठ्यात घुसला, पकडीने काढायचा सोडून मी शहाणपणा करायला गेलो, घरी जाऊन सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवला तेव्हा कुठे ठणका कमी झाला.

नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून टाक, मागून बांधलास तर ओढीत पाणी आत येतं. लाइफ जॅकेट घालायचं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. बियर किनाऱ्यावर आल्यावर. जून-जुलैत तर होडी काढूच नकोस.