वाचकांचे प्रश्न : आयव्हीएफमधील सोनोग्राफी, निरोप आणि फाइल

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचारांविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत यशाच्या शक्यतेपेक्षा एक तक्रार अधिक वेळा असते : तपासण्या होतात, पैसे भरले जातात, पण काय चालले आहे ते कोणी सांगत नाही. अशा तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. एएमएच (अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.१ आल्यामुळे आम्ही आयव्हीएफचा निर्णय घेतला. इंजेक्शने सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी झाली. पण प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे होते आणि प्रत्येकाने ‘छान चाललंय, हाच डोस चालू ठेवा’ एवढेच सांगितले. रक्ततपासणी सुरुवातीला झाली, नंतर नाही. माझ्या मावसबहिणीची मात्र मुंबईत प्रत्येक भेटीत इस्ट्रॅडिओल या अंडाशयातील संप्रेरकाची रक्ततपासणी होत असे. शेवटच्या सोनोग्राफीत नऊ फॉलिकल्स (स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या अंडाशयातील द्रवाच्या पिशव्या) असल्याचे कानावर आले. प्रत्यक्षात चार स्त्रीबीजे मिळाली, त्यांतली दोन फलित झाली आणि एकही भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकला नाही. माझ्यावरची देखरेख कमी पडली का? की विचारायला हवे होते ते मीच विचारले नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त टोचत असावा. चूक तुमची नाही. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे व समुपदेशन करणे हे साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार केंद्राचे कर्तव्य आहे. रुग्णाने नेमका प्रश्न विचारला तरच उत्तर मिळेल, अशी त्यात अट नाही.

आता रक्ततपासणीविषयी. प्रत्येक भेटीत रक्त घेतले नाही म्हणून देखरेख निकृष्ट होती, असे म्हणता येणार नाही. नुसत्या सोनोग्राफीवर चाललेले उपचार आणि सोनोग्राफीच्या जोडीला इस्ट्रॅडिओल मोजून केलेले उपचार यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांच्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतलेल्या आढाव्यात, दोन्ही तपासण्या केल्याने गर्भधारणेचे प्रमाण वाढते असा पुरावा मिळालेला नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेनेही अंडाशय-उत्तेजनाविषयीच्या (इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढवण्याविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत सोनोग्राफीला इस्ट्रॅडिओलची जोड देण्याची सरसकट शिफारस केलेली नाही. ज्यांना पीसीओएस (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा विकार) आहे, ज्यांच्यात फार मोठ्या संख्येने फॉलिकल्स वाढत आहेत, किंवा ज्यांच्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वेळेआधी वाढल्याची शंका आहे, अशा स्त्रियांच्या बाबतीत रक्ततपासणीने निर्णय बदलू शकतो. तुमचे एएमएच कमी असल्याने अतिप्रतिसादाची भीती मुळातच कमी होती. तेव्हा मावसबहिणीशी तुलना करून मनाला लावून घेऊ नका. तिच्या डॉक्टरांची पद्धत वेगळी असेल किंवा तिची प्रकृती वेगळी असेल.

सोनोग्राफीच्या बाबतीत मात्र मी इतकी उदार होणार नाही. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीची पहिली सोनोग्राफी, त्यानंतर इंजेक्शनांच्या साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि शेवटी गरजेनुसार रोज, हा क्रम तुमच्या बाबतीत पाळला गेलेला दिसतो. पण सोनोग्राफी झाली आणि सोनोग्राफीची नोंद झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वेळी डाव्या व उजव्या अंडाशयातील फॉलिकल्सची मापे स्वतंत्रपणे, मिलिमीटरमध्ये लिहिलेली असावीत. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी नोंदलेली असावी, आणि त्या मापांवरून कोणता निर्णय घेतला तो कोणाच्या तरी सहीनिशी लिहिलेला असावा. शेवटच्या टप्प्यात फॉलिकल रोज साधारण एक ते दोन मिलिमीटर वाढते, आणि आघाडीची दोन-तीन फॉलिकल्स १७-१८ मिलिमीटरच्या पुढे गेली की बहुधा ट्रिगरचे, म्हणजे स्त्रीबीजे परिपक्व करणारे शेवटचे इंजेक्शन ठरते. ‘छान चाललंय’ हा धीर म्हणून ठीक आहे, पण त्यातून दोन दिवसांपूर्वीच्या मापाशी आजचे माप ताडून पाहता येत नाही.

नऊ आणि चार यांतील फरकाचे उत्तरही याच नोंदींत आहे. सोनोग्राफीत दिसते ते द्रवाने भरलेले फॉलिकल. स्त्रीबीज त्यात डोळ्यांना दिसत नाही. शिवाय लहान फॉलिकल्समधून परिपक्व स्त्रीबीज मिळण्याची शक्यता बरीच कमी असते. ट्रिगरच्या दिवशी तुमच्या नऊपैकी समजा पाचच १४ मिलिमीटरहून मोठी असतील, तर चार स्त्रीबीजे मिळणे हा अपेक्षित निकाल आहे आणि ‘नऊ’ हा आकडा खुलासा न करता तुमच्या कानावर पडू देणे एवढीच चूक आहे. पण नऊच्या नऊ १७ ते २० मिलिमीटरची असतील आणि तरीही चारच मिळाली असतील, तर विचारण्यासारखे बरेच आहे : ट्रिगर आणि पिक-अप (सुईने स्त्रीबीजे बाहेर काढणे) यांच्यात नेमके किती तास गेले, ट्रिगरचा परिणाम झाला की नाही हे तपासले का, एखादे अंडाशय सुईच्या आवाक्याबाहेर होते का, मिळालेल्या चारांपैकी परिपक्व किती होती. हे प्रश्न आरोप म्हणून विचारू नयेत. पुढच्या चक्राचा (उपचारांच्या पुढच्या फेरीचा) डोस आणि औषधांची निवड त्यांच्या उत्तरांवरच ठरते.

दोन फलित बीजांपैकी एकही ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसाच्या भ्रूणावस्थेपर्यंत, न पोचणे दुःखद आहे, तरी असाधारण नाही. चांगल्या प्रयोगशाळेतही फलित बीजांपैकी सुमारे निम्मीच तिथवर जातात आणि संख्या मुळात दोन असली की शून्यावर येणे अवघड नसते. त्याचा दोष सोनोग्राफीच्या देखरेखीला देता येणार नाही.

राहिला वेगवेगळ्या डॉक्टरांचा मुद्दा. मोठ्या केंद्रांत सकाळच्या सोनोग्राफी पाळीपाळीने वेगवेगळे डॉक्टर करतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त सगळी मापे एकाच तक्त्यावर यावीत आणि निर्णय घेणारी एक व्यक्ती ठरलेली असावी. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत विचारा : ‘माझ्या डोसचा निर्णय कोण घेणार आहे, आणि शंका आली तर मी कोणाशी बोलायचे?’ या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर ते केंद्र निवडण्याआधी पुन्हा विचार करा असे मी सांगेन.

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो आणि पत्नीचे उपचार पुण्यात चालू आहेत. मधल्या सोनोग्राफी इथल्या केंद्रात करून रिपोर्टचा फोटो पुण्याच्या कोऑर्डिनेटरला व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि संध्याकाळी डोसचा निरोप येतो. गेल्या वेळी इथे सर्वांत मोठे फॉलिकल १७ मिलिमीटर सांगितले, दुसऱ्या दिवशी पुण्यात तेच १५ निघाले. ट्रिगरच्या दिवशी तर एका मेसेजमध्ये रात्री साडेनऊ आणि फोनवर रात्री साडेदहा अशा दोन वेळा सांगितल्या गेल्या. नंतर फोन लागेना, म्हणून साडेनऊ धरले. पुन्हा असा प्रसंग आला तर काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मापांतील फरकापेक्षा ट्रिगरच्या वेळेतील फरक कितीतरी गंभीर आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

संपूर्ण उपचारात ज्या एका इंजेक्शनची वेळ घड्याळाच्या काट्यावर पाळायची असते, ते हे. ट्रिगरमुळे स्त्रीबीजाची अंतिम परिपक्वता सुरू होते आणि ते फॉलिकलच्या भिंतीपासून सुटू लागते. पिक-अप त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी करतात. फार लवकर केले तर बीज अपरिपक्व राहते किंवा हाती लागत नाही. फार उशीर झाला तर फॉलिकल फुटून बीज निसटते. १९७८ साली जगातील पहिले आयव्हीएफ बाळ लुईस ब्राऊन हिचा जन्म झाला त्या चक्रात उत्तेजक औषधे दिलेलीच नव्हती. तिच्या आईची लघवी दिवसरात्र ठरावीक अंतराने तपासून स्त्रीबीज परिपक्व होऊन सुटण्याचा संकेत देणाऱ्या एलएच या संप्रेरकाची वाढ कधी सुरू होते ते पाहिले गेले आणि त्यावरून शस्त्रक्रियेची वेळ ठरली. म्हणजे शरीर ठरवील त्या वेळी डॉक्टरांना जागे राहावे लागत होते. आता ती वेळ आपण ठरवतो. ही मोठी सोय आहे. पण ठरवलेली वेळ रुग्णापर्यंत अचूक पोचवण्याची जबाबदारीही त्यामुळे केंद्रावर येते.

एका तासाच्या फरकाने तुमचे चक्र वाया गेले असेल असे मला वाटत नाही, कारण ३४ ते ३६ तासांत तेवढी मोकळीक असते. पण इंजेक्शन प्रत्यक्षात किती वाजता दिले ते केंद्राला कळवले होते का? नसेल, तर ते कळवायलाच हवे होते. इंजेक्शनाला उशीर झाला, डोस अर्धवट गेला किंवा चुकून दुसरेच औषध दिले गेले, तर संकोच न करता त्याच रात्री सांगावे. पिक-अपची वेळ पुढे सरकवता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासून, ट्रिगर कोणता होता त्यानुसार एलएच किंवा एचसीजी हे संप्रेरक पाहून, परिणाम झाला की नाही हेही कळते. रागावतील या भीतीने गप्प राहिल्यास मात्र पुढे काही करता येत नाही.

ट्रिगरचा निरोप नेहमी लेखी घ्या. त्यात औषधाचे नाव, मात्रा, वार, तारीख आणि वेळ असावी. पिक-अपसाठी किती वाजता पोचायचे आणि भुलेसाठी कधीपासून उपाशी राहायचे हेही असावे. मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असेल तर विशेष काळजी घ्या. ‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणजे शुक्रवार संपल्यावरचे साडेबारा की शुक्रवार उजाडतानाचे, यावर घराघरांत गोंधळ होतो आणि त्यातून पूर्ण एका दिवसाची चूक होऊ शकते. निरोप मिळाल्यावर तुम्ही तो स्वतःच्या शब्दांत परत लिहून पाठवा आणि ‘बरोबर’ असे उत्तर येईपर्यंत तो पोचला असे समजू नका. फोनवर वेगळी वेळ सांगितली गेली, तर लगेच म्हणा, ‘हे मेसेजमध्ये लिहून द्या.’

आणि फोन न लागणे ही तर केंद्राचीच त्रुटी आहे. उपचार सुरू होण्याआधी रात्री उचलला जाईल असा क्रमांक मागून घ्या, आणि एकदा तो लावूनही पाहा. पिक-अपनंतरच्या दिवसांतही त्याची गरज पडते : पोट झपाट्याने फुगणे, वजन एकदम वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, उलट्या न थांबणे ही अंडाशयाच्या अतिउत्तेजनाची लक्षणे असू शकतात आणि ती सकाळपर्यंत थांबण्याजोगी नसतात. अशा वेळी क्रमांक लागला नाही, तर लातूरमधल्याच रुग्णालयात जा आणि उपचारांचे कागद सोबत न्या.

आता १७ आणि १५. फॉलिकल पूर्ण गोल नसते. त्याचे एकमेकांना छेदणारे दोन व्यास मोजून सरासरी काढतात. एकाने फक्त लांबीच लिहिली आणि दुसऱ्याने सरासरी, तर एवढा फरक सहज पडतो. दोन यंत्रांवर, दोन हातांनी मोजताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. लातूरची सोनोग्राफी पोटावरून केली असेल तर माप आणखी ढोबळ असते. या कामासाठी ती योनिमार्गातूनच व्हायला हवी. पुण्याच्या केंद्राकडून त्यांना हव्या असलेल्या नोंदींचा नमुना मागून घ्या, तो लातूरच्या डॉक्टरांना दाखवा, आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच डॉक्टरांकडून, त्याच यंत्रावर तपासणी करा. शेवटच्या दोन-तीन दिवसांतील तपासण्या मात्र पुण्यातच होणे चांगले. खर्च आणि सुट्या यांची ओढाताण मला कळते, तरीही हा सल्ला बदलावासा वाटत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एवढेच, की रिपोर्ट एका व्यक्तीला पाठवा, रुग्णांच्या समूहात नको. जोडप्याची माहिती गोपनीय ठेवणे हेही कायद्याने केंद्राचे कर्तव्य आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीचे आमचे चक्र अयशस्वी झाले. आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे आहे, पण जुने केंद्र म्हणते, ‘फाइल आमच्याकडेच राहते, तुम्हाला डिस्चार्ज कार्ड दिले आहे.’ फाइल मागण्याचा आम्हाला अधिकार आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. मूळ फाइल केंद्राने जपून ठेवायची असते, प्रती मात्र तुमच्या हक्काच्या आहेत. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यावर ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या असतात, आणि २०२१ च्या अधिनियमानुसार आयव्हीएफ केंद्राने नोंदी किमान दहा वर्षे सांभाळायच्या असतात. त्यामुळे ‘जुने कागद आता मिळणार नाहीत’ हे उत्तर दोन वर्षांनंतर चालणार नाही.

डिस्चार्ज कार्डात बहुधा पिक-अपच्या दिवसाचाच उल्लेख असतो. नव्या डॉक्टरांना त्याचा उपयोग कमी. रोजच्या औषधांचा व मात्रांचा तक्ता, प्रत्येक सोनोग्राफीची मापे, ट्रिगरचे औषध आणि वेळ, आणि प्रयोगशाळेच्या नोंदी नावानिशी मागा. प्रयोगशाळेच्या नोंदींत परिपक्व बीजांची संख्या, फलनाची तपासणी, तिसऱ्या व पाचव्या दिवशीची भ्रूणांचा दर्जा आणि काही गोठवले असल्यास त्यांची संख्या असायला हवी. अर्ज लेखी द्या, त्यावर तारखेसह पोच घ्या. नकार मिळाल्यास आधी केंद्राच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा. असा कक्ष ठेवणे प्रत्येक केंद्राला बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उपचारांतील त्रुटीबद्दल तक्रार करण्याचा तुमचा विचार असेल, तर दोन वर्षे होत आल्यामुळे कागद मिळण्याची वाट न पाहता याच आठवड्यात वकिलांना भेटा.