बुद्धिबळाच्या पहिल्या रेटेड (निकालावर खेळाडूचं रेटिंग ठरणाऱ्या) स्पर्धेला जाताना

चार-पाच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, डोक्यात कोंबून जाऊ नकोस. पांढऱ्याकडून इटालियन पुरे: प्यादं ई४ घरात, घोडा एफ३, उंट सी४, मग प्यादी सी३, डी३ आणि कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं). संथ वाटेल, पण पुढे काय करायचं ते तुझं तुला सुचतं.

काळ्याकडून मात्र एक जागा नीट बघून जा. समोरचा हेच इटालियन खेळला, तू ई५, घोडा सी६ आणि तिसऱ्या चालीला घोडा एफ६ खेळलास की पोरं हमखास घोडा जी५ टाकतात, तुझ्या राजाजवळच्या एफ७वर डोळा ठेवून. तू डी५ खेळतोस, तो प्याद्याने मारतो. इथे घोड्याने परत मारायला हात शिवशिवतो, तेच टाळ. तो एफ७वर घोडा देतो, तुझा राजा मारत बाहेर येतो, वजिराचा एफ३वरून शह बसतो आणि डी५चा घोडा धरून ठेवायला राजाला ई६वर उघड्यावर उभं राहावं लागतं. त्याऐवजी सी६चा घोडा ए५. प्यादं जाईल, पण त्याचा उंट हलत राहील आणि तुझी मोहरी आधी बाहेर पडतील. हे पटावर मांडून बघ. नुसतं पाठ केलंस तर आठव्या चालीला घाम फुटेल.

बाकी नियम थोडेच. हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं. कॅसलिंगला आधी राजा, आणि एकाच हाताने. बरोबरी विचारायची तर चाल केल्यावर, घड्याळ दाबायच्या आधी. फोन हॉलमध्ये नेऊच नको. डाव संपल्यावर समोरच्याशी चर्चा जरूर कर, पण बाहेर जाऊन.