डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर ‘नो सिग्नल’ येतो, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलावा का?

तुमचा मिनी टॉवर आय५-३४७० प्रोसेसरचा, एसएमपीएस २७५ वॅटचा, मॉनिटर जुना व्हीजीए (अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालणारा). कार्डाचा पंखा फिरतो पण पडद्यावर काही नाही, आणि कार्ड काढलं की सगळं पूर्ववत. एवढ्यावरून एसएमपीएसवर पैसे घालू नका, आधी मॉनिटरची केबल बघा.

जीटीएक्स १६५० मधून अ‍ॅनालॉग सिग्नल मुळात बाहेरच पडत नाही. त्यामुळे कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला लावायची, आत सर्किट नसलेली व्हीजीएची साधी पिन इथे निरुपयोगी. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचं व्हीजीए करणारा, आत चिप असलेला ‘अ‍ॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर लागतो. केबल मदरबोर्डच्या व्हीजीएला तशीच ठेवली असेल तरी पडदा काळाच राहू शकतो, कारण कार्ड दिसलं की बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) बहुतेकदा ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा, डिस्प्ले बंद करतो. शक्य असेल तर कोणाचा तरी एचडीएमआय मॉनिटर किंवा घरातला टीव्ही थेट कार्डाला लावून बघा. निम्मा शोध तिथेच संपतो.

आता वीज. प्रोसेसर ७७ वॅट, कार्ड ७५ वॅट, बाकी डिस्क, रॅम, पंखे मिळून ३०-४० धरा. बेरीज २०० च्या आत, म्हणजे २७५ वॅट पुरतात. पण हा हिशेब फक्त ६-पिन (एसएमपीएसमधून थेट वीज घेणारा जादा कनेक्टर) नसलेल्या १६५० चा. काही मॉडेलना ६-पिन असते. ती रिकामी ठेवली तर पंखा फिरूनही डिस्प्ले येत नाही. अशा वेळी दुकानदार साटा (डिस्कला वीज देणारा कनेक्टर) ते ६-पिन अशी तार देतात. ती घेऊ नका, अगदी तात्पुरतीसुद्धा. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे जेमतेम ५४ वॅट. ६-पिनची मर्यादा ७५. कनेक्टर वितळतो. त्यापेक्षा कार्ड बदलून बिना-कनेक्टरचं घ्या. एसएमपीएसच बदलायचा झाला तर ७०१० ला नेहमीच्या २४-पिन कनेक्टरचा चालतो (७०२० आणि ९०२० ला चालत नाही, तिथे डेलचा वेगळा ८-पिन असतो). आतली जागा मात्र आधी मोजा.

कार्ड बसवायचा स्लॉटही तपासा. या बोर्डावर लांब स्लॉट दोन आहेत, पण खरा एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट), प्रोसेसरजवळचा. दुसऱ्यात आतून चारच लेन आहेत. पट्टीचा स्क्रू आवळताना कार्डाची मागची बाजू उचलली जाते. लॅच बसल्याचा ‘टक्’ आवाज आला का ते बघा.

एवढं करूनही पडदा काळाच असेल तर बायोस. कार्ड काढा, ऑनबोर्डवर मशीन चालू करून डेलच्या साइटवरचा ७०१० चा शेवटचा बायोस टाका. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएस असेल तर लावाच. मग वायर काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबा, मदरबोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, कार्ड बसवा. तरी नाही आलं तर मशीन सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये ‘सिक्युअर बूट’ ही सेटिंग बंद करून पाहा.

डिस्प्ले आला की जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’ ही ओळ बघा. @ च्या पुढे ‘एक्स१६ ३.०’ (लेनची संख्या आणि वेगाची पिढी) हवं. कार्डाला काम नसताना ३.० ऐवजी १.१ दिसलं तर घाबरू नका, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावरची रेंडर टेस्ट चालवली की आकडा वर जातो. ‘एक्स४’ दिसलं तर मात्र कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे.